मेजर बहगत यांच्यामुळे अडलेलं लग्न

माझं लग्न मेजर बहगत यांच्यामुळे अडलं. मेजर बहगत या जगात नाहीत. वारले असं नाही. ते जन्मलेच नाहीत. ते 'अर्धा पेला' या कादंबरीमालेतले पोलीस अधिकारी आहेत. तेवीस कादंबऱ्यांत त्यांनी ढिगानं खुनी पकडले, पण डॉक्टर शाहीनाझ यांना मागणी घालायला त्यांना सवड झालेली नाही.

मालेचं नाव असं का, ते इजिप्तमधल्या आमच्या झगाझीग गावात शेंबडं पोरही सांगेल. मेजरसाहेब चहा पीत विचार करत बसतात. अर्ध्या पेल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडतो आणि उरलेला चहा तसाच टाकून ते पळत सुटतात. वाचक समजतो की खुनी सापडला. डॉक्टर शाहीनाझ मुडदे तपासतात. डोळे राखाडी, बोलणं तुटक, हसणं वर्षातून एकदा, तेही कवटी पाहून. नवव्या कादंबरीत बहगत असेच पळाले, तेव्हा शाहीनाझ यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो उरलेला अर्धा पेला उचलून पिऊन टाकला. बस, एक ओळ. पण त्या ओळीनं आमच्या गावात घरोघरी भांडणं लावली. मुडदाघरात उभं राहून दुसऱ्याचा गार चहा पिणं हे प्रेम, असं एका पक्षाचं म्हणणं. ती नुसती तहान, असं दुसऱ्याचं.

जीलानची माझी भेटही याच मालेमुळे झाली. स्टेशनबाहेरच्या टपरीवर अठरावीची एकच प्रत उरली होती. मी पैसे पुढे केले तेव्हा ती प्रत एका मुलीच्या हातात होती आणि ती उभ्याउभ्या शेवटचं पान वाचत होती.

"ताई, मी पैसे दिलेत," मी म्हणालो.

तिनं पुस्तक मिटलं, माझ्या हातात ठेवलं आणि गोड हसून म्हणाली, "खुनी नवरीचा मामा आहे."

मी त्याच क्षणी तिच्या प्रेमात पडलो. म्हणजे आधी मला तिचा गळा दाबावासा वाटला, पण रहस्यकथा वाचणाऱ्यांना माहीत असतं की या दोन गोष्टी शेजारी शेजारीच राहतात. पुढं ओळख वाढली. एकोणिसावीचा खुनी तिनं मला फोनवर सांगितला, विसावीचा माझ्या वाढदिवसाच्या केकवर साखरेनं लिहून आणला.

मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य मापं घेतात, मी दात रचतो. जीलानच्या वडिलांचीही कवळी मीच बनवली. मागणी घालण्याआधी माणसाला चावता येण्याची सोय करून द्यावी, एवढाच सरळ हेतू होता. ती कवळी माझ्या हातून झालेलं सर्वांत उत्तम काम आहे, हे लक्षात असू द्या. पुढं लागेल.

जीलानचे वडील उस्ताद फतहुल्ला हे अरबी व्याकरणाचे निवृत्त मास्तर; आमच्याकडे शिकल्यासवरल्या माणसाला उस्तादच म्हणतात. व्याकरणाच्या मास्तराला रहस्यकथा कशा काय आवडतात, असं मी एकदा विचारलं होतं.

"दोन्हीकडे कर्ता शोधायचा असतो," ते म्हणाले. ज्या क्रियापदाचा कर्ता सांगितलेला नसतो त्याला आमच्या व्याकरणात 'अज्ञातासाठी बांधलेलं' म्हणतात, आणि न सुटलेला खून पोलीसही 'अज्ञाताविरुद्ध' म्हणूनच नोंदवतात. या जुळणीचा उस्तादांना इतका आनंद होई की तो ते दर भेटीत नव्यानं व्यक्त करत. वर्गात त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. पोरगं म्हणालं, 'सर, माझ्या मनात बरोबर होतं,' की ते म्हणत, "मनातलं देव बघेल. मी कागदावरचं बघतो." आणि शून्य देत.

दर गुरुवारी संध्याकाळी ते बायकोला, तांत (म्हणजे मावशी) इनायात यांना, मालेतलं एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत. उस्ताद प्रेमाच्या पक्षाचे. तांत इनायात तहानेच्या.

"कुणाचा तरी उष्टा, गार चहा कोण पितं?" त्या पालेभाजी निवडता निवडता म्हणत. "तेहेतीस वर्षांत मी नाही प्यायले. ती शाहीनाझ डॉक्टर आहे ना? मग जंतू बिंतू शिकवत नाहीत का तिकडं?"

असो. फातिहा वाचायचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा, दिवस आला. मी आईला घेऊन गेलो. फातिहा वाचून झाली, तांत गुलाबी सरबत घेऊन आल्या. किताब कधी लिहायचा एवढंच ठरायचं होतं. माझून, म्हणजे निकाह लावणारा, येऊन तो नोंदवतो, त्याला आमच्याकडे 'किताब लिहिणं' म्हणतात. गुरुवारी अमक्याचा किताब आहे म्हटलं की लोक पुस्तक नाही, इस्त्रीचा शर्ट शोधतात.

उस्ताद रंगात होते. "ईदनंतरचा गुरुवार धरू. तोवर चोविसावी येईलच. बहगतचं आणि तुमचं एकदम उरकू."

मी इथं 'इन्शाअल्ला' म्हणून सरबत प्यायला हवं होतं. त्याऐवजी मी माझं मत दिलं. होणाऱ्या सासऱ्याला आमच्याकडे अम्मो, म्हणजे काका, म्हणतात.

"अम्मो, तो कसलं लग्न करतोय. लग्न झालं की गोष्ट संपली."

जीलाननं टेबलाखालून माझ्या पायावर टाच दिली. फार उशिरा दिली.

"काय संपलं?" उस्तादांनी विचारलं.

"गोष्ट."

"लग्न झालं की?"

"म्हणजे कादंबरीतली हो, अम्मो."

"माझ्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. माझी गोष्ट संपली का?"

"नाही ना, तुमची कशी..."

"थांब रे पोरा, उत्तर यांना देऊ दे," तांत इनायात सरबताचा दुसरा ट्रे धरून दारातच उभ्या राहिल्या. "सांगा की उस्ताद. संपली का?"

उस्ताद उभे राहिले. खुशीत असले की ते आमच्यासारखं झगाझीगचं बोलतात. रागावले की शुद्ध अरबीत शिरतात, शेवटच्या स्वरापर्यंत सगळे उच्चार करत. त्या दिवशी ते चौदा शतकं मागं गेले.

"माझ्या मुलीचा हात मागायला आलेला मनुष्य विवाहास समाप्ती म्हणतो! अलय्या तलाक! त्यांचा किताब लिहिला जात नाही, तोवर तुमचा किताब लिहिला जाणार नाही!"

अलय्या तलाक. म्हणजे हे माझं वाक्य मोडलं तर माझी बायको माझ्यापासून सुटली. आमच्याकडे पुरुष ही शपथ उठल्यासुटल्या घेतात. हॉटेलात बिल कोण देणार यावरून घेतात. पण ती इतक्या स्वच्छ उच्चारांत मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. कवळी बसण्यापूर्वी उस्तादांना 'तलाक' म्हणताच येत नसे, नुसती हवा निघत असे. माझं लग्न माझ्याच कारागिरीनं मोडलं. माझी आई सरबताच्या पेल्यात तोंड घालून बसली.

तांत इनायात यांनी ट्रे खाली ठेवला. "तलाक कुणाला? मला? मी तर सरबत आणत होते!"

दुसऱ्या दिवशी आम्ही उस्तादांना मशिदीतल्या शेखांकडे नेलं. शेख शांत माणूस. म्हणाले, "धमकी म्हणून घेतलेल्या शपथेनं तलाक होत नाही. दहा गरिबांना जेवू घाला आणि पोरांचं लग्न लावा."

"दहा काय, शंभरांना घालतो," उस्ताद म्हणाले. "पण वाक्य खोटं पडेल त्याचं काय?"

"कुठलं वाक्य?"

"माझं. एवढी वर्षं मी पोरांना सांगितलं, जे बोललात ते बोललात. आता मीच म्हणू, मनात वेगळं होतं?"

शेखांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही गालिच्याकडे पाहिलं.

घरी येताना तांत म्हणाल्या, "हा माणूस शंभरांना गिळायला घालेल, पण स्वतःचं एक वाक्य गिळणार नाही. आणि मलाही नको ते दहा गरिबांच्या जेवणावर टिकलेलं लग्न. उद्या समोरच्या इमारतीतली म्हणाली, 'इनायात, तुझा तलाक नक्की झालाय का राहिलाय?' तर तिला काय दहा माणसं दाखवू?"

म्हणजे एकच वाट उरली. मेजर बहगत यांनी लग्न करायला हवं होतं. आणि ते ज्यांच्या हातात होतं ते लेखक उस्ताद नशअत हमूदा अलेक्झांड्रियात राहत होते. एक दिवस जीलान, तांत आणि मी गाडीत बसलो. उस्ताद फतहुल्लांना सांगितलं, बैठकीच्या खोलीला पडद्याचं कापड आणायला जातोय. तिथल्या मन्शियाच्या बाजारात स्वस्त मिळतं.

एवढे खून करणारा माणूस मी उंच, खोल आवाजाचा कल्पिला होता. दार उघडलं ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातल्या एका छोट्या गृहस्थांनी. आधी साखळी लावली, मग दार उघडलं, मग आम्ही चोर नाही ना हे विचारलं. मांडीवर एक करडं मांजर घेऊन ते समोर बसले आणि मांजराचीच भीती वाटत असल्यासारखे बसून राहिले.

तांत इनायात यांनी प्रस्तावना वगैरे केली नाही. "काय हो, उस्ताद? पोरीला तेवीस पुस्तकं ताटकळत ठेवलीत. तिला आईबाप आहेत की नाही?"

"शाहीनाझचे आईवडील मी तिसऱ्या पुस्तकात बुडवले," लेखक ओशाळून म्हणाले.

"वाटलंच. विचारणारं कुणी नाही म्हणूनच."

मी सगळी हकीगत सांगितली. फातिहा, सरबत, शपथ. लेखक हळहळले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, मी त्यांचं लग्न पाचव्याच पुस्तकात लावणार होतो. पण मला लावता येत नाही. शपथ आहे."

"कसली?" जीलाननं विचारलं.

"तलाकाची."



"या देशात बायका आपापल्या घरात आहेत त्या निव्वळ नशिबानं," तांत म्हणाल्या.

"सांगा की, पूर्ण सांगा." दारात लेखकांच्या पत्नी मदाम इक्बाल चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "शाहीनाझचे डोळे राखाडी का, तेही सांगा. या घरात कुणाचे डोळे राखाडी आहेत?"

"मांजराचे," लेखक पुटपुटले.

"मांजर नंतर आणलं." मदामनी आमच्यापुढं पेले ठेवले. "यांच्या कचेरीत एक होती. राखाडी डोळ्यांची. तुटक बोलायची. पाचव्या पुस्तकाच्या वेळी मी विचारलं, हिचं लग्न लावताय ते नक्की कुणाशी लावताय? तेव्हा यांनी शपथ घेतली, बहगत शाहीनाझशी कधीही लग्न करणार नाही म्हणून. मी म्हटलं, छान. आता लिहा हवं तेवढं."

म्हणजे हिशेब असा झाला. बहगतनी लग्न केलं तर या बाई सुटणार. नाही केलं तर मी बिनलग्नाचा बसणार. आणि शपथेला न जुमानता आमचं लग्न लावलं तर तांत इनायात सुटणार. न जन्मलेल्या एका माणसानं तीन घरं ओलीस धरली होती, आणि तो स्वतः कुठंतरी अर्धा चहा टाकून पळत होता.

तांत आणि मदाम यांचं मात्र लगेच जमलं. एकाच शपथेच्या दोन टोकांना बांधलेल्या बायका असतात तसं. थोड्या वेळानं मदाम माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या सासऱ्यांची शपथ शब्दशः सांग."

मी सांगितली.

"अर्थ नको सांगू. शब्द सांग. जसे ते म्हणाले तसे, स्वरांसकट."

मी उभा राहिलो आणि उस्तादांच्या आवाजात म्हणून दाखवली. जीलान हसू दाबायला मांजराशी खेळू लागली. मदामनी मला ती पुन्हा म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकली, आणि फक्त "हं, अज्ञातासाठी बांधलेलं," एवढंच म्हणाल्या. "यांची मुद्रितं मीच तपासते. यांना स्वरांची चिन्हं, जेर कुठं नि जबर कुठं, काही कळत नाही."

लेखकांना विषय बदलायचा होता. "आपण काय करता, बेटा?"

"कवळ्या बनवतो."

त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी पेटलं. मांजर खाली ठेवून ते पुढं सरकले. साचा कसा घेतात? प्लास्टर कोणतं? चाव्यावरून माणूस ओळखू येतो का? कवळीत एखादी बारीक वस्तू लपवता येईल का? माझ्या कामाबद्दल इतकं कुणीच कधी विचारलं नव्हतं, जीलाननंही नाही. मी भारावून गेलो. सगळं सांगितलं. कवळी चिकटवायचा कोणता डिंक कुणाला मानवत नाही हेही सांगितलं.

निघताना आशा अशी काहीच नव्हती. मदामनी तांतचा हात धरून इतकंच म्हटलं, "बाकी देवावर." समुद्राकाठी बसून आम्ही कलेजीचे सँडविच खाल्ले. तांतनी समुद्राला उद्देशून सगळ्या पुरुषजातीला शिव्या दिल्या. मग आम्ही गाडी पकडली. पडद्याचं कापड घ्यायचं तिघंही विसरलो.

ईद झाली. ईदनंतरचे गुरुवारही येऊन गेले. या काळात उस्ताद माझ्याशी अतिशय प्रेमानं वागले, हे त्यातलं सर्वांत वाईट. "धीर धर, बेटा," ते माझ्या पाठीवर थोपटत. "मेजर लवकरच मन मोकळं करतील. मला एकविसावीत खुणा दिसल्यात." जीलान मला म्हणाली, "नाएल, मी म्हातारी झाले की माझी कवळी फुकट बनवशील ना? आपण नुसतेच ओळखीचे असलो तरी?" ती हसत होती, पण नेहमीसारखी नाही. खुनी वगैरे काही सांगत नव्हती.

आणि मग चोविसावी आली. टपरीवाल्यानं माझ्यासाठी ठेवलेली प्रत घेऊन मी धावतच त्यांच्या घरी गेलो. उस्ताद आरामखुर्चीत चहा घेत बसले होते.

"पहिल्या प्रकरणापासून," त्यांनी हात पुढं केला. "शेवटचं पान आधी बघणं हा व्यभिचार आहे."

"उस्ताद, माझा तलाक त्या पानावर आहे," असं म्हणून तांत इनायात यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मागून उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

मुडदाघर. संध्याकाळ. बहगत आणि शाहीनाझ, दोघांपुढं चहा. फोन वाजतो. या वेळी बोलावणं शाहीनाझ यांना आहे. त्या उठतात, अर्धा पेला तसाच टाकून जातात. मेजर बहगत इकडेतिकडे बघतात. मग हात लांबवून तो पेला उचलतात आणि उरलेला गार चहा पिऊन टाकतात.

"अल्ला!" उस्ताद ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंधरा पुस्तकं लागली याला! पंधरा! पुढं? मागणी?"

"मागणी नाही," तांत म्हणाल्या. जीलाननं माझी बाही धरली. "शेवटची एक ओळ आहे फक्त. पण ही अशी काय छापलीय? सगळी जेर-जबर घालून?"

कादंबरीत जेर-जबर कुणी छापत नाही. वाचणाऱ्याला शब्द कळतोच. स्वरांची चिन्हं असतात ती कुराणात आणि पहिलीच्या पुस्तकात. उस्तादांनी पुस्तक हिसकावून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ती ओळ वाचली. सवयीनं शेवटच्या स्वरापर्यंत, मोठ्यानं:

"आणि त्यांचा किताब लिहिला गेला."

तांतच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरू लागलं.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हे... म्हणजे त्यांची गोष्ट. हे पुस्तक. लिहून झालं, असं लेखक म्हणतो."

"काय लिहिलंय तिथं?"

"लिहिलंय, 'त्यांचा किताब लिहिला गेला.' पण इनायात, माझ्या मनात निकाह होता! शपथेत मी..."

"मनातलं देव बघेल," तांत म्हणाल्या.

उस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी बनवलेली कवळी खट्‌ वाजली.

"कर्ता कुठाय?" ते म्हणाले. "कुणी लिहिला? माझूनने, का लेखकाने?"

"बाबा, शपथेतही कर्ता नव्हता," जीलान म्हणाली. "अज्ञातासाठी तुम्हीच बांधलंत."

उस्तादांनी खिशातून लाल पेन काढलं. निवृत्त झाले तरी ते पेन कोटाला असतंच. त्या एका ओळीवर ते टोक धरून अक्षर अक्षर फिरले. जबर बघितला. पेश बघितला. 'किताब'च्या शेवटी काय आहे ते उजेडात धरून बघितलं. चिन्हं नसती तर ती ओळ 'त्यानं त्यांचा किताब लिहिला' अशीही वाचता आली असती. आता चिन्हांत चूक सापडली तर ओळ बाद आणि माझं लग्नही बाद. पेन शेवटच्या अक्षरावर थांबलं, आणि टोपण लागलं.

"चूक नाही," ते म्हणाले. आवाजात हार होती आणि थोडी भक्तीही. "कोण आहे हा तपासणारा?"

मग त्यांच्या भुवया जवळ आल्या. टेबलावरचा त्यांचा चहाचा पेला अर्धा होता. तो तसाच टाकून ते ताडकन उठले. आम्ही तिघंही खुर्चीत मागं सरकलो. ती हालचाल तेवीस पुस्तकांत आम्ही वाचली होती.

उस्ताद खिडकीपाशी गेले. उघडीबोडकी खिडकी. समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिनं हात हलवला.

"तीन माणसं," उस्ताद पाठमोरे राहूनच म्हणाले, "अलेक्झांड्रियाला पडद्याचं कापड आणायला गेली. लेखक अलेक्झांड्रियात राहतो. माझं वाक्य त्याच्या पुस्तकात निघालं." ते वळले. "पडदे कुठायत?"

मी जीलानकडे बघितलं. जीलाननं कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघितलं. कबुलीजबाब देण्याच्या बेतात मी घसा खाकरला होता, तेवढ्यात तांत इनायात उठल्या. त्यांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. उस्तादांचा अर्धा पेला उचलला, आणि उरलेला गार चहा एका दमात पिऊन टाकला.

पेला खाली ठेवून त्यांनी डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं ओठ पुसले. "साखर कमी पडलीय," त्या म्हणाल्या.

व्याकरणाच्या मास्तरांनी त्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. मग अगदी झगाझीगच्या बोलीत, साध्या आवाजात म्हणाले, "गुरुवारी माझूनला बोलाव रे, पोरा."

लग्नाच्या गडबडीत मला कादंबरी वाचायला मिळाली नाही. ती त्यांच्याच घरी राहिली, आणि घरात सगळ्यांनी वाचली. जीलान मला म्हणाली, "या वेळी खुनी सांगणार नाही. ही माझ्याकडून लग्नाची भेट." इतकी मोठी भेट मला आजवर कुणी दिली नव्हती. मी म्हटलं, "नक्की?" ती म्हणाली, "मी सांगणार नाही." त्यातला 'मी' मी नीट ऐकायला हवा होता. कर्ता होता तो.

गुरुवारी बैठक भरली. खिडकीला नवे पडदे, झगाझीगच्याच बाजारातले, महाग. मधे माझून बसले. रिवाजाप्रमाणे उस्तादांनी माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याला अंगठा भिडवला, आणि माझूननी आमच्या हातांवर पांढरा रुमाल पसरला. आता किताब लिहून होईपर्यंत मला हात सोडवून घेता येत नव्हता. बायका रुमाल पळवायला टपून बसल्या होत्या. तांत इनायात यांनी जगरूत, म्हणजे बायका जीभ हलवत काढतात ती आनंदाची किलकारी, घालण्यासाठी जीभ तयार ठेवली होती.

उस्तादांनी माझूनच्या मागून वाक्य म्हटलं, मुलगी दिली, अमुक मेहरवर, सगळे स्वर जागच्या जागी. सुंदर म्हटलं. आता माझी पाळी. माझून माझ्याकडे वळून घसा साफ करू लागले, आणि तेवढ्यात रुमालाखाली माझा हात करकचून आवळला गेला. उस्ताद माझ्या कानाकडे झुकले. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देताहेत.

"खुनी," ते पुटपुटले, "कवळ्या बनवणारा आहे."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मला तो पायजमा आठवला, ते पेटलेले डोळे, प्लास्टर, डिंक. उस्ताद हसत होते, मी बनवलेले सगळे दात दाखवत.

"बोला," माझून म्हणाले.

मी म्हणालो, "कबूल."